मदत हवी आहे: घरचं सोयाबीनचं बी पाहुण्यांना दिलं तर कंपनी केस करू शकते का?

नमस्कार मंडळी, आम्ही निपाणी भागातले, ऊस सोयाबीन आणि थोडा तंबाखू. प्रश्न माझ्या चुलत्यांचा आहे आणि जरा घाईचा आहे कारण मिरग तोंडावर आलाय.

काकांनी गेल्या साली एका खाजगी कंपनीच्या सोयाबीनच्या बॅगा घेतल्या होत्या. माल चांगला आला, काढणीला पाऊस लागूनही दाणा काळा पडला नाही, म्हणून चांगला तुकडा बघून त्याचं बी वेगळं ठेवलं. मळताना मशीनचे फेरे कमी ठेवले म्हणजे दाणा फुटत नाही, सोयाबीनचं साल लई पातळ असतंय. आता काकूंनी ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून उगवण बघितली तर ७८ उगवले, सरकारी हिशोबात ७० लागतात म्हणजे बी पक्कं आहे. घरच्या पेऱ्यापुरतं ठेवून बाकीचं भावकीत दिलं, काही कागलकडच्या पाहुण्यांनी नेलं, कुणी पैसे दिले कुणी बदल्यात शाळू दिला. आमच्याकडं हे पिढ्यान्पिढ्या असंच चालत आलंय.

आता ज्या दुकानातून बॅगा घेतल्या तो दुकानदार म्हणतोय ही पेटंटची जात आहे, तुम्ही बी विकायला लागलाय, कंपनीच्या माणसानं फोटो काढून नेलेत, गुजरातच्या बटाटेवाल्यांवर झाली तशी कोटीची केस होईल. लेखी काहीच नाही, सगळं तोंडी. काका तेव्हापासनं जेवायला नीट बसंनात. ह्या माणसानं कर्नाटकातले शेतकरी नेते नंजुंडस्वामी ह्यांच्या काळात रयत संघाचे (शेतकरी संघटनेचे) मोर्चे केलेत, बियाणं कंपनीच्या हातात जाऊ नये म्हणून घोषणा दिल्यात, त्यांना ह्या वयात चोर म्हणायचं हे मला सहन होत नाहीये.

मी जे वाचून काढलंय ते सांगतो, चुकत असेल तर सांगा. आपल्या पेटंट कायद्यात कलम ३ (जे) आहे, त्यात झाड, बी, वाण ह्यावर पेटंट मिळतच नाही. वाणाचं संरक्षण मिळतं ते २००१ च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याखाली, आणि त्याच कायद्याचं कलम ३९ म्हणतंय की शेतकरी संरक्षित वाणाचं बीसुद्धा राखून ठेवू शकतो, पेरू शकतो, बदलू शकतो, वाटू शकतो आणि विकूही शकतो, फक्त ब्रँड लावून विकायचं नाही. गुजरातची केस पेप्सिको ह्या चिप्सवाल्या कंपनीची, २०१९ ला चार शेतकऱ्यांवर प्रत्येकी एक कोटीच्या वर दावा होता पण बोंब झाल्यावर कंपनीनं महिनाभरात तो मागं घेतला. दुकानदार हा शेवटचा भाग सांगतच नाही. अमेरिकेत मात्र २०१३ ला बोमन नावाचा शेतकरी सुप्रीम कोर्टात हरला, पण ते जीएम म्हणजे जनुक बदललेलं सोयाबीन होतं आणि तिथं बियातल्या जनुकाचं पेटंट चालतंय. आपल्याकडं जीएम सोयाबीन लावायला परवानगीच नाही, २००२ पासनं बीटी कापूस तेवढा आहे.

मग माझी अडचण अशी की चुलत भावानं पोत्यांवर मार्करनं त्या जातीचं नाव लिहिलं होतं आणि पोत्यांचा फोटो स्टेटसला पण ठेवला होता, हे ब्रँड लावणं झालं का? दुसरं म्हणजे बी कर्नाटकातनं महाराष्ट्रात गेलं ह्यानं काही फरक पडतो का? आणि सौंदत्तीकडं आमच्या मेव्हण्याला कोणीतरी तणनाशक मारलं तरी न जळणारं कापसाचं बी पाकिटात विकायला आलाय, ते घ्यावं का? कुणी ह्यातनं गेलं असेल तर नक्की लिहा.

प्रतिसाद १

दादा, काकांना आधी जेवायला सांगा. मी बियाण्याच्या कामात बरीच वर्षं आहे म्हणून लिहितो. कायद्यात ब्रँडेड बी म्हणजे पिशवीत किंवा पोत्यात भरून, हे संरक्षित वाणाचं आहे असं दिसेल असं लेबल लावलेलं बी. मार्करनं नाव लिहिणं हे लेबलच आहे असं कंपनीचा वकील म्हणू शकतो, म्हणून पोती बदला, नुसतं 'घरचं सोयाबीन' म्हणा आणि स्टेटस काढा. बी वाटणं थांबवायची गरज नाही.

१९६६ च्या बियाणे कायद्याचं कलम २४ पण वाचून ठेवा, स्वतः पिकवलेलं बी आपल्या घरी, शेतावर, दुसऱ्याला पेरायला दिलं तर तो कायदा लागत नाही. पाहुणे तुमच्या दारात येऊन घेऊन गेले ना? मग झालं. तुम्ही टेम्पो भरून कागलच्या बाजारात विकायला बसलात तर मात्र लायसन्सचा प्रश्न येतो.

जात खरंच नोंदवलेली आहे का ते दिल्लीच्या पीक वाण संरक्षण प्राधिकरणाच्या वेबसाइटवर बघा, कित्येकदा नुसता धाक असतो. नोंद असली तरी संरक्षण १५ वर्षांचंच. आणि समजा दावा झालाच, तर २००१ च्याच कायद्यात कलम ४२ आहे, वाणावर कंपनीचा हक्क आहे हे ठाऊक नसताना शेतकऱ्याकडनं काही झालं तर त्याला उल्लंघन धरत नाहीत. उलट कलम ३९ मध्येच लिहिलंय की कंपनीनं सांगितलेलं उत्पन्न आलं नाही तर शेतकरीच भरपाई मागू शकतो, हे दुकानदार कधी सांगणार नाहीत.

कापसाचं पाकीट मेव्हण्याला अजिबात घेऊ देऊ नका. त्या बियाला सरकारची परवानगीच नाही, तिथं प्रश्न शेतकरी हक्काचा नसून पर्यावरण कायद्याचा आहे, आणि पावती नसल्यामुळं उगवलं नाही तर तक्रार करायला तोंड राहत नाही. ते संकरित असतं म्हणून घरी राखूनही उपयोग नाही, पुढच्या पिढीत सगळं मिसळून येतं.

मूळ लेखक

मनापासून आभार साहेब. कलम २४ मला माहितीच नव्हतं. पाहुणे दारातनंच घेऊन गेले, पोती आजच बदलतोय आणि मेव्हण्याला फोन केला. आता एकच, दुकानदाराला मी लेखी देणार आहे की कुठल्या कायद्याच्या कुठल्या कलमाखाली केस होणार ते कागदावर लिहून द्या. त्याची एक प्रत रयत संपर्क केंद्रातल्या (इथल्या सरकारी शेती ऑफिसातल्या) साहेबांना पण द्यायची आहे, तिथं कानडीत अर्ज दिला तर लवकर हलतंय. इथं कुणी दहा-बारा ओळींचा अर्ज कानडीत करून देईल का? मराठी मजकूर मी रात्री इथंच टाकतो.