सोलापूरजवळ खुणा लावलेली पायवाट आहे का कुठं? शेतातनं, जुनी ठिकाणं बघत चालायला

बाळीवेसकर: नमस्कार मंडळी. लेकीकडं इंग्लंडला जाऊन आलो, तिथं एक गोष्ट लई आवडली. गावाबाहेर कुणाच्याही शेतातनं, मेंढरांच्या कुरणातनं पायवाटा जातात अन् फाटकाफाटकावर बाण ठोकलेले, पिवळा बाण म्हणजे फक्त चालणाऱ्यांसाठी, निळा असला की घोडा, सायकल पण चालते. जावयानं रोमन लोकांनी बांधलेल्या हेड्रियनच्या भिंतीकडं नेलं, तिच्या कडेनं ८४ मैलांची वाट आहे, आम्ही आपला एक तुकडा चाललो. पण कुणाला काही न विचारता दुसऱ्याच्या शेतातनं चाललोय अन् कोण काठी घेऊन मागं येईना, ह्याचंच नवल वाटत होतं. आता इथं सकाळी उठून मैदानाला फेऱ्या मारायला जीव रमंना. आपल्याकडं आहे का असं काही? वय साठीच्या पुढं, गुडघे अजून बरे आहेत.

भीमाकाठ: बाण-बिण विसरा, पण माचणूरला जावा. मंगळवेढ्याच्या एसटीत बसायचं, बेगमपूरला उतरायचं अन् भीमेचा पूल चालत ओलांडायचा, पलीकडं माचणूरच. किल्ल्याची तटबंदी, खाली सिद्धेश्वराचं देऊळ अन् घाटाच्या पायऱ्या थेट पाण्यात, नदीच्या पात्रातच जटाशंकराचं छोटं देऊळ आहे. तिथनं ब्रह्मपुरीपर्यंत शेताच्या कडंकडंनं जाता येतं. औरंगजेबाची छावणी १६९५ ते १६९९ इथंच होती, दिल्लीचा बादशाह चार वर्षं ह्या काळ्या मातीत बसून होता बघा. एकच सांगतो, पात्रात उतरायच्या आधी गावात विचारा. आभाळ कोरडं ठणठणीत असलं तरी उजनी धरणातनं पाणी सोडलं की भीमा वाढते, आपल्या सोलापूरला प्यायचं पाणी वर्षानुवर्षं ह्याच नदीतनं खाली औजच्या बंधाऱ्यात सोडत आलेत, त्यामुळं उन्हाळ्यात पण फसवते.

मैलाचा_दगड: बाण नाहीत कोण म्हणतं ओ, रस्त्याकडंचे मैलाचे दगड आहेत की. पिवळ्या डोक्याचा दगड दिसला तर तो राष्ट्रीय महामार्ग, तिथं चालूच नका. हिरवा म्हणजे राज्य मार्ग. भगवा दिसला की समजायचं गावाकडचा रस्ता, ग्रामसडक योजनेतला, ह्याच्यावर बैलगाडी अन् दुधाच्या मोटारसायकली सोडून फारसं काही नसतं. मी असाच भगवा दगड धरून फिरतो.
माझं मत विचाराल तर हत्तरसंग कुडल. विजापूर रोडनं मंद्रूपच्या पुढं जाऊन आत वळायचं, सोलापुरातनं चाळीसेक किमी. सीना अन् भीमेचा संगम, अन् संगमेश्वराच्या देवळात तुळईवर शके ९४० चा, म्हणजे इ.स. १०१८ चा मराठी लेख. आपल्या सोलापूरचे संशोधक आनंद कुंभार ह्यांनी उजेडात आणलेला. शेवटी ‘वाछि तो विजेया होइवा’ असं कोरलंय, म्हणजे वाचणाऱ्याचा विजय होवो. तुळई वर आहे, मान वर करून बघत बसावं लागतं, बारकी टॉर्च न्या, अक्षरावर आडवा उजेड पाडला की खोदकाम उठून दिसतं, समोरनं मारला तर नुसता दगड. बाहेर ३५९ मुखांचं शिवलिंग पण आहे. गाडी आधीच्या गावात लावा अन् शेवटचे चार-पाच किमी पायी जावा, तेवढंच चालण्यासारखं आहे.

गड्डा_फॅन: दोघं पण लांब पाठवूलालाव राव काकांना. काका, तुम्ही सोलापुरातल्या बाळीवेसचे अन् हे विचारताव? अडुसष्ट शिवलिंगं कशासाठी आहेत मग! आपलं ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांनी बाराव्या शतकात गावाभोवती स्थापलेली. १३ जानेवारीला यण्णिमज्जनाला, म्हणजे ह्या लिंगांना तेल लावायच्या विधीला, सातही नंदीध्वज (मानाच्या उंच काठ्या) जत्रेचे मानकरी हिरेहब्बूंच्या वाड्यातनं निघून हीच वाट चालतात. एरवी कोण चालत नाही फारसं, पण चालू शकतो. आता काही लिंगं दुकानांच्या अन् घरांच्या मधी सापडतात, तेवढं शेताचं सुख मिळणार नाही हे खरं. महापालिकेनं प्रत्येकापाशी नंबरचा बोर्ड लावावा असं माझं जुनं म्हणणं आहे.

मैलाचा_दगड: बोर्ड लावा, आठ दिवसात त्याच्यावर कुणाच्यातरी वाढदिवसाचा फ्लेक्स येईल.

गड्डा_फॅन: म्हणून लावायचाच नाही का? दगडात कोरा मग, त्याच्यावर काय चिकटवतेत बघू. बाहेरगावचा माणूस आला तर गल्लीत चौघांना विचारत फिरतो, ते पण चार दिशा दाखवतेत.

बाळीवेसकर: धन्यवाद सगळ्यांना. अडुसष्ट लिंगं लहानपणापासनं बघूलालोय म्हणून तर डोक्यात आली नाहीत. आधी माचणूर करतो, मग कुडल. कधी जावं, अन् शेतातनं जाताना कोण ओरडतंय का?

भीमाकाठ: डिसेंबर-जानेवारी. ज्वारी डोक्याच्या वर असते, हुरड्याचे दिवस, ओरडणं सोडा, बसवून खायला घालतेत. फक्त बांधावरनं चाला, पिकात शिरू नका अन् फोटो काढायच्या आधी रामराम घाला. पावसाळ्यात अजिबात नको, काळं रान भिजलं की बुटाला किलोकिलोनं चिखल धरतो, पाय उचलंना. मार्चनंतर दहा वाजायच्या आत परत या. पाणी दोन बाटल्या, अन् डब्यात कडक भाकरी, शेंगा चटणी, दह्याचं काही नको.

मैलाचा_दगड: अन् काठी घ्या. वस्तीवरची कुत्री मोकळी असतेत.