०,१० प्रदर्शन: तात्लिनचा कोपरा

‘चित्रकार काझिमिर मालेविचच्या दालनाचे एक छायाचित्र उरले असल्यामुळे पेत्रोग्राडचे (आजचे सेंट पीटर्सबर्ग) ‘०,१०’ नावाचे कलाप्रदर्शन हरवले असे म्हणता येत नाही,’ असे एक मत आहे; ते मला अर्धेच पटते. छायाचित्रात दिसतो तो मालेविचच्या दालनाचा कोपरा: भिंतींच्या सांध्यात, छताला लागून, रशियन घरात जिथे देवाची प्रतिमा ठेवतात तिथे टांगलेले त्याचे ‘काळा चौकोन’ हे चित्र, चित्रांशेजारी चिकटवलेले क्रमांकांचे कागद आणि खाली एक साधी खुर्ची. (ती खुर्ची मला नेहमीच चित्रांइतकी लक्षवेधी वाटते.) मालेविचने तिथे 39 चित्रे मांडली होती, त्यांपैकी या चौकटीत 21च मावली.

मात्र डिसेंबर 1915 मधल्या त्याच प्रदर्शनात कलाकार व्लादिमिर तात्लिन हा मालेविचचा कट्टर प्रतिस्पर्धीही होता आणि खरा हरवलेला भाग तात्लिनचा आहे. पत्रा, लाकूड आणि तारा यांतून साकारलेली, दोन भिंतींच्या कोपऱ्यात ताणून बसवलेली त्याची प्रति-उत्थितशिल्पे (काउंटर-रिलीफ, म्हणजे भिंतीतून पुढे अवकाशात येणाऱ्या रचना) बहुतांशी नष्ट झाली, आणि आज संग्रहालयांत आपण जी पाहतो त्यांतली अनेक जुन्या छायाचित्रांवरून नव्याने बांधलेल्या प्रतिकृती आहेत. कॅनव्हास गुंडाळून ठेवता येतो. कोपऱ्यासाठीच बांधलेली वस्तू कोपऱ्यातून काढली की उरतो तो सुट्या सामानाचा ढीग.