हरत्या संघाचं कप्तानपद: तुमचे अनुभव

सचिन तेंडुलकरने २५ कसोटींत कप्तानी केली. ४ जिंकल्या, ९ हरल्या. १९९७ला ब्रिजटाउनला १२० धावा हव्या होत्या आणि आपण ८१त आटोपलो, तेव्हा आमच्या घरात सगळा राग त्याच्यावर निघाला. मीसुद्धा बोलले होते. पुढे कॉलेजात खोखोची कप्तान झाले, ओळीने हरले आणि ते बोलणं आठवून वाईट वाटलं.

मला सगळ्यात जड गेलं ते धावण्याची पहिली तुकडी ठरवणं. माझी जिवाभावाची मैत्रीण नेहमी पहिल्या तिघींत असायची, पण त्या मोसमात ती लगेच बाद होत होती. तिला तिसऱ्या तुकडीत टाकलं. ती काहीच बोलली नाही. बुटाच्या नाड्या सोडून पुन्हा बांधत बसली. तरीही हरलोच आम्ही. तुमचंही लिहा.

हॉकी, विदर्भ
हरून परतताना एसटीत मी मुद्दाम ड्रायव्हरमागच्या सीटवर बसायचे. मागे वळून मुलींचे चेहरे बघवत नसत.

जुना क्रिकेटवाला
मला कप्तान अजित वाडेकर आठवतात. १९७१ला वेस्ट इंडिज आणि इंग्लंड दोन्हीकडे मालिका जिंकली, तेव्हा डोक्यावर घेतलं. १९७४ला लॉर्ड्सवर ४२त सगळे बाद, मालिका ३-० गेली, आणि लोक सगळं विसरले. फार अन्याय झाला त्या माणसावर.

डावा कोपरा
मंडळाच्या कबड्डी संघाचा दोन वर्षं कप्तान होतो. लोण चढला, म्हणजे सगळा संघ बाद झाला, की दोन गुण जादा जातात, ते सोसतं. पण सातही जण परत आत येतात आणि कुणी कुणाकडे बघत नाही, ते सोसत नाही.

एका सामन्यात चार गुणांनी मागे होतो. दोन चढाया रिकाम्या गेलेल्या, तिसरी करो या मरो. एकोणीस वर्षांच्या पोराला पाठवलं. मध्यरेषेवर त्याने वळून माझ्याकडे पाहिलं. गुडघ्याची पट्टी सुटून लोंबत होती. पकड झाली. नंतर एका पदाधिकाऱ्याने त्याला सगळ्यांसमोर झापलं. ‘मी पाठवलं त्याला’ एवढं म्हणायचं होतं मला. नाही म्हटलं.

दोन आठवडे तो सरावाला आला नाही. मग मी घरी गेलो, त्याच्या आईसमोर माफी मागितली.

धागाकर्ती
खेळतो का तो अजून?

डावा कोपरा
खेळतो. पट्टी आता मी बांधून देतो.