ब्लॅक पाइनचं लहान रोप आणलंय, जूनमध्ये कँडल कापू का?

कुंडीवाली:
नमस्कार मंडळी, बोन्सायवाले कोणी आहेत का इथे? आम्ही सध्या जपानात, टोकियोशेजारच्या सैतामात असतो, नवऱ्याच्या नोकरीमुळे. ओमियाच्या बोन्साय गावात दरवर्षी मेच्या ३ ते ५ तारखेला जत्रा भरते, तिथे नुसतं बघायला म्हणून गेलो आणि येताना ब्लॅक पाइनचं रोप पिशवीत घालून घरी आलो, आता झालं ते झालं. विकणारे आजोबा म्हणाले तीन वर्षांचं आहे. बाकी ते बरंच काही बोलले पण माझ्या जपानीला त्यातलं अर्धंच झेपलं, "ऊन, ऊन" एवढं मात्र नक्की कळलं.

तर रोप असं आहे, वीतभराहून थोडं उंच, खोड पेन्सिलीएवढं आणि अगदी सरळसोट, मातीपासून चार बोटांवर दोन बारक्या फांद्या, मग मधे थोडं रिकामं आणि शेंड्याला पाच कँडल, म्हणजे मेणबत्तीसारखे कोवळे फुटवे, नुसते ताठ उभे. काळ्या मऊ प्लास्टिकच्या कुंडीत आहे. यूट्यूबवर जो तो जूनच्या शेवटी कँडल बुडापासून कापतोय, मग नवीन फुटवा येतो आणि सुया, म्हणजे पाइनची पानं, आखूड होतात म्हणे, तर मी पण कापू का? शिवाय एक निळी चपटी कुंडी घेऊन ठेवलीये, इतकी गोड आहे, त्यात कधी हलवू? खोड जाड कधी होणार? आणि शेवटचं, दोनेक वर्षांनी आम्ही पुण्याला परत जाऊ तेव्हा हे सोबत नेता येईल का, बाबांना झाडांचं फार वेड आहे. बाल्कनी दक्षिणेला, पाचवा मजला. प्रश्न बावळट असतील तर सांभाळून घ्या.

खुरपं:
ताई, आधी कात्री खाली ठेवा :)

तुम्ही बघितलंत त्याला मेकिरी म्हणतात. ब्लॅक पाइन वसंतात एकदा फुटतो, तो फुटवा जून-जुलैत काढला की झाड त्याच मोसमात परत फुटतं, पण आता थंडीपर्यंत दिवस कमी उरलेले असतात म्हणून दुसऱ्या खेपेच्या सुया आखूड राहतात. हे ज्याचं खोड आणि मुख्य फांद्या तयार आहेत त्या झाडाचं काम, आणि ते झाडसुद्धा वसंतभर खत खाऊन दणकट झालेलं असावं लागतं. तुमच्या रोपाला आत्ता बरोब्बर उलटं हवंय. जितक्या जास्त सुया तितकं खोड जाड, साधा हिशोब. आत्ता कापलंत तर एका वर्षाची वाढ कचऱ्याच्या डब्यात, आणि वर आखूड सुयांचं पेन्सिलीएवढं झाड हातात, म्हणजे गुडघ्याला बाशिंग.

आता महत्त्वाचं. तुमच्या रोपातलं सोनं म्हणजे खालच्या त्या दोन बारक्या फांद्या. वरचे पाच कँडल दिसायला जोरदार आहेत पण आज जो शेंडा दिसतोय तो शेवटच्या झाडात नसणारच. पाइनचा स्वभाव असा की जिथे सुया आहेत तिथे नाहीतर त्यांच्या आसपासच नवीन डोळा फुटतो, एकदा भाग उघडा पडला की तिथे फांदी येईल ही आशा सोडायची. वडाला कुठेही छाटा, फुटतो, तसं इथे नाही. त्यामुळे खालच्या फांद्यांवरची एकेक सुई जपा, पिवळी पडून आपोआप गळेल तेवढीच जाऊ दे. वरचा शेंडा सुसाट सोडायचा, तो खोड जाड करणार, आणि खोड पुरेसं झालं की तो कापून टाकून खालच्या फांदीतून नवीन शेंडा घ्यायचा. त्याला सगळे सॅक्रिफाइस ब्रँच म्हणतात.

निळी कुंडी कपाटात ठेवा, अजून काही वर्षं तिचं काम नाही. आणि मातीला तर आत्ता हातच लावू नका, तुमच्याकडे पाइनची कुंडी बदलायची वेळ मार्चमध्ये, डोळे हलायला लागतात तेव्हा.

शेताडी:
खुरपंशी सहमत. थोडी भर घालतो, मी काही वर्षं शिकोकूत होतो, ताकामात्सुला. तिथलं किनाशी म्हणजे पाइन बोन्सायचं माहेरघर, आपल्याकडे द्राक्षांचे मळे दिसतात तसे तिथे पाइनचे मळे, सरळ जमिनीत ओळीने लावलेले. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं ही झाडं कोणी सोडून दिलीयेत, कारण प्रत्येकातून एक-दोन लांबच लांब काठ्या वर गेलेल्या आणि खाली गुडघ्याएवढं झाड. नीट बघितल्यावर कळलं की त्या काठ्यांच्या सुया पार शेंड्यापर्यंत काढून टाकल्या आहेत, टोकाला फक्त सुयांचा झुपका. म्हणजे काठी वाढत राहते, बुंधा जाड करते, पण खालच्या फांद्यांवर सावली पाडत नाही. ताई, हे तुम्हालाही पुढे लागणार. यंदा नको, आधी शेंडा हातभर तरी वाढू दे, मग शरद ऋतूत त्याच्या जुन्या सुया काढून टोकाचा झुपका तेवढा ठेवायचा.

जाडी हवी तर जमिनीला तोड नाही. बाल्कनीत जमीन कुठून येणार, तर त्यातल्या त्यात उपाय म्हणजे भाज्या धुवायची प्लास्टिकची रोळी. चेष्टा नाही, तिथले लोक सर्रास वापरतात, शंभर येनच्या दुकानात मिळते. मुळाचं टोक जाळीपाशी येऊन हवेला सुकतं आणि मागे फाटे फुटतात, त्यामुळे कुंडीच्या तळाशी मुळांचं वेटोळं होत नाही. मार्चमध्ये रोळीत लावा. माती म्हणजे कडक आकादामा (तिथली दाणेदार चिकणमाती) आणि प्युमिस (ज्वालामुखीचा हलका सच्छिद्र दगड) किंवा किऱ्यू नावाची भरड वाळू, पण चाळून धूळ काढायचीच, धूळ राहिली की तळाला चिखल होतो. हे मुळात समुद्रकाठच्या वाळूतलं, खाऱ्या वाऱ्यातलं झाड आहे, पाय ओले राहिलेले चालत नाहीत. आणि हो, मुळांवर पांढरी बुरशी दिसेल, लोक घाबरून धुवून टाकतात. ती मित्र बुरशी आहे, मुळांना पाणी आणि अन्न मिळवून देते, थोडी जुनी माती मुद्दाम नवीन मातीत मिसळा. सगळी मुळं एकदम उघडी करू नका, एका वेळी अर्धी बाजू.

खुरपं:
रोळी मस्तच, पण उन्हाळ्यात ती पटकन सुकते हे लक्षात असू दे.

खोडाला वळण देण्याचं राहिलंच. सरळसोट खोड आत्ता वाकतं, अंगठ्याएवढं झालं की नाही वाकणार. ऑक्टोबरनंतर ॲल्युमिनियमची तार घ्या, खोडाच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी, आणि सगळ्यात खालच्या दोन-तीन इंचांतच वळण द्या. नवखे लोक वर वळणं देत बसतात, तो भाग तर कापलाच जाणार आहे. फांदी वळणाच्या बाहेरच्या बाजूला यायला हवी, आतल्या बाजूची गुदमरते. वसंतात खोड फुगायला लागलं की दर आठवड्याला तार बघायची, रुतायला लागली की कापून काढायची, उलगडत बसू नका.

आणि तुमच्या दक्षिणेच्या बाल्कनीबद्दल. नकाशात दक्षिण दिसते म्हणून खूश होऊ नका, जूनमध्ये तुमच्याकडे दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, वरच्या मजल्याचा स्लॅब सावली धरतो आणि ऊन फक्त कठड्यालगत पडतं. भिंतीशी ठेवलेलं रोप हिवाळ्यात उन्हात आणि ऐन वाढीच्या दिवसांत सावलीत, असा उलटा प्रकार होतो. तेव्हा कठड्याच्या आतून स्टूलवर ठेवा, कठड्यावर किंवा बाहेर लटकवून अजिबात नाही. दर आठवड्याला थोडं फिरवा. आजोबा "ऊन, ऊन" करत होते ते उगाच नाही.

नाकासमोर:
माझं स्पष्ट मत, राग मानू नका. दोनच वर्षं आहात तर हे रोप शिकण्यापुरतं ठेवा आणि एखाद्या नर्सरीतून दहा-पंधरा वर्षांचं झाड घ्या, निदान बोन्साय म्हणजे काय ते डोळ्यांना दिसेल. पेन्सिलीची बाटली व्हायला कुंडीत दहा वर्षं कुठेच गेली नाहीत.

पुण्याला न्यायचं म्हणाल तर विसरा. भारतात झाड आणायला आधी आयात परवाना लागतो, जपानकडचं फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट, म्हणजे झाडाला कीड-रोग नसल्याचा दाखला लागतो आणि मातीसकट तर येऊच देत नाहीत. बॅगेत घालून आणायची आयडिया कोणी दिली तर ऐकू नका, कीड-रोग असेच देश बदलतात. जपानमधलेच पाइन बघा ना, अमेरिकेतून आलेल्या एका सूक्ष्म कृमीने तिथली जंगलंच्या जंगलं वाळवली, तो एका भुंग्यावर बसून झाडोझाड फिरतो. शिवाय पुण्यात खरी हिवाळी विश्रांती नाही आणि चार महिने पाऊस. बाबांना वड किंवा उंबरावर काम करू दे, आपल्या हवेत ती झाडं बोन्सायला एक नंबर. पाइनच हवा असेल तर हिमालयातला चीड आहे, पण त्याच्या सुया वीतभर लांब, छोट्या बोन्सायला शोभत नाहीत.

शेताडी:
नाकासमोर, तयार झाड विकत घेऊन मेकिरी शिकता येते, खोड घडवणं नाही. ताईंनी दोन्ही करावं, पैसे असतील तर :)

कुंडीवाली:
बापरे, किती ते, सगळ्यांचे खूप आभार. कात्री ड्रॉवरमध्ये, निळी कुंडी माळ्यावर. रोप आजच कठड्यापाशी नेलं, खरंच दुपारी भिंतीपाशी ऊन येतच नाही, कपडे वाळत घालताना हे कधी लक्षातच आलं नव्हतं. पुण्याचं बाबांना सांगितलं, ते म्हणाले माझा उंबर आहे की.

आता दोन शंका. खत कुठलं आणि किती? आणि ऑगस्टमध्ये आम्ही तीन आठवडे भारतात, तेव्हा पाण्याचं काय करू? शेजारच्या काकूंना सांगू शकते पण त्यांच्यावर रोजचं ओझं नको वाटतं.

खुरपं:
खत म्हणजे तिथे सरसकट आबुराकासु, मोहरीवर्गातल्या बियांच्या पेंडीचे गोळे, घरी बाबा झाडांना पेंड घालत असतील तोच प्रकार. चहाच्या रिकाम्या जाळीदार पिशव्यांत भरून मातीवर ठेवा, म्हणजे पाण्याबरोबर लगदा होऊन माती बंद होत नाही आणि कावळेही उचकटत नाहीत. एप्रिल ते ऑक्टोबर, दीड-दोन महिन्यांनी बदलत राहायचं. वाढवायच्या झाडाला हात आखडता नको, फक्त पावसाळी जूनमध्ये वास आणि माश्या येतील तेवढं सोसा.

ऑगस्टमध्ये छोट्या कुंडीला दिवसातून दोनदा पाणी लागतं, एक दिवस चुकलं तरी महागात पडतं, तेव्हा काकूंच्या भरवशावर नको. नळाला बसणारा टायमर आणि ठिबकची नळी होमसेंटरला मिळते, पण बाल्कनीत नळ आहे का ते बघा, आणि निघायच्या आधी आठवडाभर चालवून बघा. नळ नसेल तर ओमियाच्या एखाद्या नर्सरीत विचारा, बरेच जण पैसे घेऊन झाडं सांभाळतात. पिशवी घेऊन त्याच आजोबांकडे गेलात तर उत्तम, जाताना जपानी येणाऱ्या कोणालातरी सोबत न्या आणि त्या दिवशी ते आणखी काय सांगत होते तेही विचारून घ्या.

कुंडीवाली:
नळ आहे! टायमर शनिवारी आणते.