मदत हवी आहे : कानशिलांवरच्या पांढऱ्या केसांवर इंडिगो टिकत नाही
नमस्कार. माझी आई 62 वर्षांची असून अनेक वर्षे ती घरीच केसांना काळा डाय लावत असे. मात्र दिवाळीपूर्वी डाय लावल्यावर दुसऱ्या दिवशी तिच्या कानांमागे पुरळ उठले, पापण्या सुजल्या, आणि पीपीडी (काळ्या डायमध्ये असणारे एक रसायन) असलेला कोणताही रंग यापुढे वापरू नये, असे त्वचारोगतज्ज्ञांनी बजावले. ‘काळी मेंदी’ म्हणून मिळणाऱ्या पुड्यांतही बरेचदा तेच रसायन असते, हे आम्हांला तेव्हाच कळले.

आता आम्ही लोखंडी कढईत रात्रभर भिजवलेली साधी मेंदी 2 तास लावतो आणि केस नुसत्या पाण्याने धुऊन त्यावर कोमट पाण्यात कालवलेली इंडिगो पावडर (निळीच्या पानांची पूड) तासभर ठेवतो. मागचे केस छान गडद तपकिरी होतात, परंतु कानशिलांवरचे आणि भांगातले राठ पांढरे केस तिसऱ्या धुण्यालाच नारिंगी दिसू लागतात. त्यामुळे आई लग्नकार्याला जाणेही टाळते, याचे मला फार वाईट वाटते.

तेवढ्याच भागावर इंडिगो दुसऱ्यांदा लावावी का, आणि मध्ये किती दिवस जाऊ द्यावेत? चिमूटभर मीठ घातल्याने रंग खरोखर धरतो का? ज्यांनी स्वतः करून पाहिले आहे, त्यांनी कृपया सविस्तर सांगावे.