दुकानातील चोराला अडवले म्हणून नोकरी गेली. कायद्याने काय करता येईल?

काउंटर नंबर चार (प्रश्न)

नमस्कार. मी कांदिवली पूर्वेच्या एका मोठ्या सुपरमार्केटमध्ये सहा वर्षे चार महिने नोकरीला होते. एकूण पगार २१,४०० रुपये, त्यात मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून १३,०००. दोन वर्षांपूर्वी माझे पद ‘कॅशियर’ऐवजी ‘फ्लोअर लीड’ झाले, पण काम तेच राहिले: बिले करायची आणि गर्दी नसेल तेव्हा रॅकवर माल लावायचा.

गेल्या महिन्यात ९ तारखेला संध्याकाळच्या गर्दीत एक गृहस्थ बिल न करता बाहेर निघाले आणि दारावरची बीप वाजली. सुरक्षारक्षक पार्किंगमधले भांडण सोडवायला गेला होता. मी काउंटरवरून उठून धावले आणि त्यांच्या खांद्यावरच्या पिशवीचा बंद धरला. ओढाताणीत बंद तुटला, बदामाची तीन पाकिटे, दाढीच्या ब्लेडची दोन पाकिटे आणि तुपाची बरणी फरशीवर पडली. बरणी फुटली आणि ते गृहस्थ निघून गेले. त्यांना किंवा मला इजा झाली नाही. मालाची किंमत १,८६० रुपये भरली. पोलिसांना कोणीच बोलावले नाही.

चौथ्या दिवशी मला एचआरच्या खोलीत बोलावून पंधरा मिनिटे प्रश्न विचारले आणि त्याच संध्याकाळी सेवा समाप्त केल्याचा ईमेल आला. संशयिताला हात लावायचा नाही, त्याचा पाठलाग करायचा नाही, फक्त रक्षकाला व मॅनेजरला कळवायचे, असा कंपनीचा नियम आहे. तो मला माहीत होता, हे मी नाकारत नाही. प्रशिक्षणाच्या दिवशी एका इंग्रजी कागदावर आमच्या सह्या घेतल्या होत्या, प्रत मात्र दिली नाही. सहा वर्षांत मला एकही लेखी ताकीद मिळालेली नाही. आता मला सांगतात की, राजीनामा लिहून दिला तर कागदोपत्री तोच दाखवू आणि अनुभवाचे पत्र चांगले देऊ. नियम मोडल्याचे मी स्वतःच मान्य करत असताना मला दाद मागता येईल का? ग्रॅच्युइटी मिळेल का?

जुना युनियनवाला

ताई, सर्वांत आधी एक सांगतो: राजीनामा लिहून देऊ नका. तो एकदा दिला की तुम्ही स्वखुशीने नोकरी सोडली असे कंपनी म्हणेल, आणि दबाव होता हे सिद्ध करण्याचा भार तुमच्यावर येईल.

अशा प्रकरणांबद्दल इंटरनेटवर जे सल्ले सापडतात, ते बहुतेक अमेरिकेतले असतात. तिथे जवळजवळ सगळ्या राज्यांत मालकाला कारण न देताही माणूस काढता येतो, त्यामुळे ‘नियम मोडला, विषय संपला’ असे उत्तर वाचायला मिळते. आपल्याकडे नियम मोडला की नाही हा पहिला प्रश्न असतो, शेवटचा नव्हे. रीतसर आरोपपत्र देऊन चौकशी झाली का आणि दिलेली शिक्षा त्या चुकीच्या मानाने योग्य आहे का, हेही न्यायालय तपासते.

महाराष्ट्रात यासाठी १९७१ चा कामगार संघटनांना मान्यता व अनुचित कामगार प्रथांना प्रतिबंध करणारा कायदा आहे. त्याच्या अनुसूची ४ मधील पहिल्याच बाबीत तुमच्या प्रकरणाला लागू पडतील अशा दोन गोष्टी आहेत. एक, नैसर्गिक न्यायाची तत्त्वे (म्हणजे आरोप कळवून बाजू मांडण्याची पुरेशी संधी देणे) धाब्यावर बसवून किंवा अवाजवी घाईने केलेली बडतर्फी. दुसरी, किरकोळ किंवा तांत्रिक स्वरूपाच्या गैरवर्तनासाठी, पूर्वीची सेवा विचारात न घेता दिलेली धक्कादायक वाटावी इतकी जबर शिक्षा. सहा वर्षे स्वच्छ सेवा, पंधरा मिनिटांची विचारपूस आणि त्याच दिवशी बडतर्फी, या तीन गोष्टी तारखांसह मांडता आल्या तर तुमची बाजू मजबूत होते. मात्र ही तक्रार घटनेपासून ९० दिवसांच्या आत कामगार न्यायालयात दाखल करावी लागते. तुमचे बरेच दिवस आधीच गेले आहेत, म्हणून ईमेलच्या तारखेपासून आजच मोजा.

दुसरा मार्ग समेट अधिकाऱ्यामार्फत (मालक व कामगार यांच्यात तडजोड घडवून आणणारा सरकारी अधिकारी) औद्योगिक विवाद उभा करण्याचा आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याची जागा औद्योगिक संबंध संहितेने घेतली आहे आणि तिच्यात समेटाच्या कार्यवाहीसाठी दोन वर्षांची मर्यादा आहे. त्या संहितेने रद्द केलेल्या कायद्यांच्या यादीत राज्याचा १९७१ चा कायदा नाही. परंतु एकाच बडतर्फीसाठी दोन्हीकडे जाता येत नाही, म्हणून कोणता मार्ग धरायचा हे वकिलाच्या पहिल्याच भेटीत ठरवून घ्या.

कंपनी दोन हरकती घेईल असे वाटते. पहिली तुमच्या पदनामावर असेल. पर्यवेक्षकाचे काम करणाऱ्याचे वेतन महिना १८,००० रुपयांच्या वर असेल, तर नव्या संहितेप्रमाणे तो कामगार धरला जात नाही, आणि ‘फ्लोअर लीड’ या नावावर कंपनी नेमके तेच म्हणेल. न्यायालय मात्र पदाचे नाव पाहत नाही, प्रत्यक्ष काम पाहते. तुम्ही कोणाची रजा मंजूर करत होता का, कोणाला मेमो देत होता का? तसे नसेल तर शिफ्टचे चार्ट, बिलांवरचा तुमचा कॅशियर कोड, माल लावण्याच्या सूचनांचे व्हॉट्सॲप संदेश असे सगळे जपून ठेवा. दुसरी हरकत मालक कोण याची. पगाराची स्लिप आणि पीएफचे पासबुक यांवर सुपरमार्केटचे नाव आहे की एखाद्या मनुष्यबळ पुरवणाऱ्या एजन्सीचे, ते पाहा. मालक-कामगार नातेच वादात असेल तर १९७१ च्या कायद्याखालची तक्रार टिकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये स्पष्ट केले आहे.

आणखी एक कटू गोष्ट. चौकशी झाली नाही म्हणून खटला आपोआप जिंकला, असे समजू नका. कंपनीला न्यायालयातच पुरावा देऊन गैरवर्तन सिद्ध करण्याची मुभा मागता येते. म्हणून सीसीटीव्हीचे चित्रण तुमच्यासाठीही महत्त्वाचे आहे. काही दिवसांनी त्यावर नवे चित्रण चढते. ९ तारखेचे दारावरचे व काउंटरचे चित्रण राखून ठेवावे, असा ईमेल आज रात्रीच करा.

स्टोअर मॅनेजर, निवृत्त

मी दुसऱ्या बाजूच्या खुर्चीवर बरीच वर्षे बसलो आहे, म्हणून हा नियम का असतो ते सांगतो. आमच्या दुकानात एका मुलाने संशयावरून एका आजोबांना दारात अडवले होते. त्यांच्या पिशवीतले औषध आमचे नव्हतेच, बिल खिशात होते. त्या आजोबांचे थरथरणारे हात मला अजून दिसतात. कायद्याचा धोकाही खरा आहे. सामान्य नागरिकाला अटक करता येते ती आपल्या समोर घडलेल्या दखलपात्र (पोलिसांना वॉरंटशिवाय अटक करता येते असा) व अजामीनपात्र गुन्ह्यातच, आणि त्या माणसाला सहा तासांच्या आत पोलिसांच्या ताब्यात द्यावे लागते. भारतीय न्याय संहितेप्रमाणे ५,००० रुपयांपेक्षा कमी किमतीची साधी चोरी अदखलपात्र व जामीनपात्र आहे. मालाच्या साठवणुकीसाठी वापरलेल्या इमारतीतील चोरीचे कलम ३०५ वेगळे आणि अधिक कडक आहे. ते इथे लागते का, हा वकिलांच्या वादाचा विषय. चोरीपासून मालमत्तेचे रक्षण करण्याचा हक्क कायदा देतो, हेही तुमच्या बाजूचे आहे, फक्त त्यासाठी वापरलेले बळ गरजेपुरतेच असावे लागते.

म्हणून लेखी म्हणणे देताना ‘मी कंपनीचे नुकसान वाचवले’ एवढ्यावर भर देऊ नका. नियम माहीत होता, तो क्षणात मोडला गेला, रक्षक जागेवर नव्हता, इजा कोणालाही झाली नाही, हे जसेच्या तसे लिहा. खरे सांगणाऱ्या कर्मचाऱ्याला कामावरून काढण्याऐवजी ताकीद किंवा वेतनवाढ रोखणे पुरेसे होते, हा मुद्दा मग आपोआप पुढे येतो.

काउंटर नंबर चार

दोघांचेही मनापासून आभार. पीएफच्या पासबुकात सुपरमार्केटचेच नाव आहे, आणि मी कधीच कोणाची रजा मंजूर केलेली नाही. सीसीटीव्हीचा ईमेल काल रात्री पाठवला. सेवासमाप्तीच्या पत्रात ‘ग्राहकाशी हिंसक वर्तन’ असे शब्द आहेत, ते मी आधी नीट वाचले नव्हते. ते वाचून रात्रभर झोप लागली नाही.

जुना युनियनवाला

ते शब्द सहज आलेले नसावेत, ताई. बडतर्फी हिंसक कृत्यासाठी असेल तर ग्रॅच्युइटी पूर्ण किंवा अंशतः जप्त करण्याची सोय कायद्यात आहे. नुसता नियमभंग असेल तर ती नाही. तुमचा हिशेब सहा पूर्ण वर्षांचा होतो, महिना २६ दिवसांचा धरून दर वर्षामागे १५ दिवसांचे वेतन: १३,००० भागिले २६, गुणिले १५, गुणिले ६, म्हणजे ४५,००० रुपये. म्हणून त्या शब्दांना लेखी हरकत आजच घ्या. पिशवीचा बंद धरण्यापलीकडे काही घडलेले नाही आणि चित्रणात ते दिसेल, असे लिहा. थकलेला पगार वेगळा आहे. वेतन संहितेप्रमाणे तो कामावरून काढल्यापासून दोन कामकाजी दिवसांत द्यायला हवा होता.

वकिलाच्या फीची चिंता असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. स्त्री म्हणून तुम्हाला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. कामगार आयुक्तांचे कार्यालय वांद्रे-कुर्ला संकुलातील कामगार भवनात आहे, तिथे जाताना प्रत्येक कागदाच्या दोन प्रती न्या आणि एका प्रतीवर पोच घ्या. फुल अँड फायनलचे, म्हणजे नोकरी संपल्यावरच्या अंतिम हिशेबाचे, पैसे घ्यायला हरकत नाही. सही करण्यापूर्वी त्याच कागदावर स्वतःच्या अक्षरात लिहा: ‘सेवासमाप्तीविरुद्ध दाद मागण्याचा माझा हक्क राखून ही रक्कम स्वीकारत आहे.’ खाली तारीख घाला आणि कागद परत देण्यापूर्वी मोबाइलवर त्याचा फोटो काढून ठेवा. ती ओळ लिहू दिली नाही, तर सही न करता उठून या आणि काय घडले ते त्याच दिवशी एचआरला ईमेलने कळवा.