सगळे मोठे निर्णय ‘आयत्या वेळच्या विषयां’त, कार्यकारिणीच्या नव्या सदस्याने काय करावे?

प्रश्न (खानापूर तालुका, जि. बेळगाव):
आमच्या वाचनालयाची कार्यकारिणी अकरा जणांची आहे, पण बैठकीला चार-पाचच येतात. बाकीच्यांच्या सह्या शिपाई नंतर इतिवृत्ताची वही घरोघर फिरवून आणतो. विषयपत्रिकेत मागील इतिवृत्त कायम करणे आणि जमाखर्चाला मंजुरी एवढेच असते, आणि इमारत दुरुस्तीचे काम अध्यक्षांच्या भाच्याला देण्यासारखा निर्णय ‘अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय’ या सदरात उरकला जातो. अध्यक्षांनी पदरमोड करून संस्था उभी केली असल्याने कोणी तोंड उघडत नाही.

उत्तर १ (बेळगाव):
आधी ती वही फिरणे थांबवा. गैरहजर सदस्याची सही उपस्थितीत घेतली की गणपूर्ती (बैठकीला लागणारी किमान हजेरी) केवळ कागदावर होते, आणि उद्या ठरावाला आव्हान मिळाले तर सही करणाऱ्यालाही उत्तर द्यावे लागते. त्यानंतर, खर्चाचा कोणताही विषय आयत्या वेळी घेऊ नये आणि जमाखर्च बैठकीच्या आठवडाभर आधी सर्वांना मिळावा, असा ठराव मांडा. भाच्याचा दर कदाचित रास्तही असेल (आपल्या गावांत नात्याबाहेरचा गवंडी शोधायचा तरी कुठे?), तरीही तीन दरपत्रके मागवावीत, नाते इतिवृत्तात नोंदवावे आणि त्या विषयापुरती खुर्ची उपाध्यक्षांकडे देऊन अध्यक्षांनी बाहेर बसावे.

उत्तर २ (निपाणी):
कोल्हापूरकडचे स्नेही महाराष्ट्रातल्या पद्धतीप्रमाणे धर्मादाय आयुक्तांकडे जायला सांगतील, पण कर्नाटक संस्था नोंदणी कायदा, १९६० खाली नोंदलेल्या संस्थेचा संबंध जिल्हा नोंदणी अधिकाऱ्यांशी येतो. कलम १३ प्रमाणे वार्षिक सभेनंतर १४ दिवसांत कार्यकारिणीची यादी ताळेबंदासह दाखल करावी लागते. आपल्याकडे हे कागद बहुधा कन्नडमध्ये तयार होतात आणि अनेक सदस्य न वाचताच सही ठोकतात. तुम्ही वाचून घ्या. कलम २५ नुसार कार्यकारिणीच्या बहुमताने किंवा किमान एक तृतीयांश सभासदांनी अर्ज केल्यास नोंदणी अधिकाऱ्यांना चौकशी करावीच लागते. मात्र ते हत्यार इतक्यात उपसू नये, कारण चौकशी लागल्याची कुणकुण लागताच देणगीदार हात आखडता घेतात.

प्रश्नकर्ता:
ठराव थेट बैठकीत मांडावा, की आधी अध्यक्षांच्या घरी जावे?

उत्तर १ (बेळगाव):
घरी जा, आणि खजिनदारांना बरोबर न्या. धनादेशावर दुसरी सही त्यांची असेल, तर ही काळजी तुमच्याइतकीच त्यांचीही आहे.